उज्ज्वलाचा घोडा

उज्ज्वला ही सटवा आणि रतनबाई यांची थोरली मुलगी. शिरूर कासारच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला असलेल्या वस्तीवर त्यांचं पत्र्याचं घर. दसरा झाला की निम्मी वस्ती दाराला कुलूप लावून ऊस तोडायला जायची, ती गुढीपाडव्याच्या पुढंमागंच परत यायची. उज्ज्वलाही लहानपणी आईबापासंगं जायची. धाकटी बहीण झाल्यावर तिला सांभाळायला कुणीतरी लागायचं, म्हणून तर जायचीच. त्यामुळं तिची शाळा दरवर्षी अर्धीमुर्धी व्हायची. तरी पोरगी मागं पडली नाही. बोलायची कमी, पण एखादी वस्तू बिघडलेली दिसली की तिला राहवायचं नाही. उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीतली बॅटरी असो, मुकादमाचा रेडिओ असो, नाहीतर सायकलचं फ्री व्हील, उघडून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. काही वेळा ते दुरुस्त व्हायचं. काही वेळा कायमचं बिघडायचं, आणि मग बापाचा मार मिळायचा.

ती सातवीत असताना नगर जिल्ह्यातल्या एका फडात तिची आई पडली.

ज्यांनी ऊस भरताना पाहिलेला नाही, त्यांना सांगायला हवं. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधतात. ट्रॉलीला एक लांब फळी तिरपी लावतात. बाया डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी घेतात, त्या फळीवरून वर चढतात, मोळी टाकतात, उतरतात आणि पुन्हा पुढची घेतात. ट्रॉली भरत जाते तशी फळी उभी होत जाते. त्या दिवशी फळीला चिखल लागलेला होता. रतनबाई वरून खाली आली ती मोळीसकट. मोळी तिच्या मानेवर पडली.

उज्ज्वला बहिणीला कडेवर घेऊन तिथंच उभी होती. तिनं आईला उचलायला धाव घेतली. ट्रॅक्टरवाल्यानं खाली उतरून पाहिलं, बाई शुद्धीवर आहे एवढी खात्री करून घेतली आणि मुकादमाला विचारलं, "दुसरी कोण हाय?" दुसरी एक बाई पुढं आली. फळी पुसली. भरणं चालू झालं. रतनबाई आठवडाभर कोपीत पडून होती. मग उठली आणि पुन्हा मोळ्या वाहू लागली. तेव्हापासून तिला मान उजवीकडं वळवता येईना. कुणी त्या बाजूनं हाक मारली तर ती सगळं अंग वळवून बघायची.

त्या वर्षी परत आल्यावर उज्ज्वलानं बापाला सांगितलं, "म्या आता येणार न्हाई. हितंच ऱ्हाते. शाळा शिकते."

सटवा म्हणाला, "आन् बारकीला कोण बघंल?"

रतनबाईच मधे पडली. "बघू कायतरी. तिला राहू द्या." धाकटीला मावशीकडं ठेवलं आणि उज्ज्वला शिरूरच्या शाळेच्या वसतिगृहात राहिली.

नववीत तिला वर्षाराणी मॅडम भेटल्या. मॅडम दिंद्रुडच्या. घरची किराणा-भुसाराची पेढी, घरात शिवभक्ती, गळ्यात लिंग. घरच्यांना वाटत होतं पोरीनं लग्न करून दुकानदाराच्या घरात सुखानं राहावं. मॅडमना विज्ञान शिकवायचं होतं. त्या नव्या होत्या, तरुण होत्या आणि कंटाळत नव्हत्या. शाळेतली बंद पडलेली प्रयोगशाळा त्यांनी स्वतः झाडून काढली. एका मोठ्या प्रतिष्ठानानं राज्यभरातल्या शाळांसाठी तंत्रज्ञानाची स्पर्धा जाहीर केली होती: आपल्या गावातली एखादी अडचण शोधा, ती सोडवणारं यंत्र बनवा. मॅडमनी वर्गात विचारलं, "कोणाच्या डोक्यात काही आहे का?"

पोरांनी नेहमीचं सांगितलं. कचरापेटी, पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी, सौरदिवा. उज्ज्वला शेवटी उभी राहिली आणि म्हणाली, "बायांच्या डोक्यावरचा ऊस उतरवायचाय."

वर्गात हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला तास संपल्यावर थांबवून घेतलं आणि सगळं ऐकलं. फळी कशी लावतात, किती उंच, मोळी केवढी, बाया कशा चढतात. मग म्हणाल्या, "आपण हेच करू."

जोडीदार म्हणून वर्गातला विश्वेश्वर मिळाला. त्याचे वडील वीरेशअप्पा यांचं बाजारपेठेत पाइप, कप्प्या, नटबोल्टांचं दुकान होतं, मागं वेल्डिंगचं शेड. विश्वेश्वर बडबड्या, जरा आळशी, पण मनानं साफ. अप्पांनी भंगारातलं पाहिजे ते घ्यायची मुभा दिली. श्रावण आणि भादवा, शाळा सुटली की दोघं त्या शेडमधे असायची. तीन पायांचा लोखंडी सांगाडा, त्यावर फिरणारा आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला कप्पी. खाली सायकलची दातेरी चकती आणि साखळी, तिला हँडल. हँडल सोडलं तरी ओझं खाली येऊ नये म्हणून एक खटका. तो खटका जमेपर्यंत विश्वेश्वरच्या पायावर दोनदा वजनाला बांधलेली वीट पडली.

त्याला नाव काय द्यायचं यावर चर्चा झाली नाही. तीन पायांवर उभं राहिलेलं ते धूड बघून अप्पाच म्हणाले, "झाला का तुमचा घोडा तयार?" तेच नाव पडलं.

ज्या दिवशी घोडा शाळेच्या मैदानात उभा केला, त्या दिवशी सगळे वर्ग बाहेर आले. ऊस कुठला आणायचा, म्हणून विश्वेश्वरलाच दोरीत बसवलं. तो गोलमटोल होता. उज्ज्वलानं एकटीनं हँडल फिरवलं. विश्वेश्वर हळूहळू वर गेला, व्हरांड्याच्या पत्र्याएवढा उंच, आणि तिथून ओरडला, "सोड गं आता खाली, चक्कर यायलीय!" उज्ज्वलानं हँडल सोडून दिलं. खटका लागला. विश्वेश्वर तिथंच लटकत राहिला. पोरं नुसती नाचत होती.

सटवा आणि रतनबाई बाजाराला आले होते, ते पोरीला भेटायला शाळेत आले. त्यांनी घोडा पाहिला. रतनबाईनं हँडल धरून पाहिलं, रिकामंच फिरवलं. मग पोरीकडं पूर्ण वळून म्हणाली, "लई भारी केलंस गं." सटवा घोड्याभोवती फिरला, पाय हलवून पाहिले. "दसऱ्याला आमच्या ट्रॅक्टरवर टाकू ह्याला. टोळीत दाखवू."

उज्ज्वलाला तेच हवं होतं. तिनं मॅडमकडं पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, "न्या ना घेऊन. पण आधी तालुक्याची फेरी आहे. ती झाली की घेऊन जा."

तालुक्याची फेरी दुसऱ्या एका गावच्या शाळेत झाली. तिथं परीक्षक म्हणून बाहेरून दोघे आले होते. एकानं घोड्याकडं पाहून विचारलं, "यात तंत्रज्ञान कुठं आहे? हा तर विहिरीवरचा रहाट झाला." मॅडमनी सांगायचा प्रयत्न केला. दुसरा परीक्षक जरा मऊ होता. तो म्हणाला, "कल्पना चांगली आहे. पण जिल्ह्याला जायचं तर सेन्सर पाहिजे, मोबाइलला जोडलेलं पाहिजे. आणि टेबलावर मावेल असं मॉडेल करा. नियमच आहे तो." घोडा दुसऱ्या नंबरानं पुढं गेला.

शिरूरला परतताना जीपमधे उज्ज्वला त्या मॉडेलचाच विचार करत होती. मग म्हणाली, "मॅडम, बारकं केलं तर ऊस कसा उचलंल?"

"अगं, ते फक्त दाखवायला. मोठा आहेच की आपल्याकडं. एकदा राज्यापर्यंत पोचलो ना, की मोठी माणसं बघतील. एखादी कंपनी बनवायला घेईल. मग एका टोळीला कशाला, सगळ्यांना मिळेल."

हे बोलताना मॅडमचा त्यावर खरोखर विश्वास होता. उज्ज्वलाचाही बसला.

दसरा आला. सटवा घोडा न्यायला शाळेत आला, तेव्हा मुख्याध्यापकांनी सांगितलं की जिल्ह्याच्या फेरीत परीक्षकांनी मोठं यंत्र बघायला मागितलं तर दाखवावं लागेल. स्पर्धा होईपर्यंत ते शाळेतच राहू द्या. सटवानं वाद घातला नाही. शाळेतल्या माणसांशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. टोळी निघून गेली. घोडा सायकल स्टँडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहिला. परीक्षकांनी तो कधीच मागितला नाही.

पुढचे महिने टेबलावरच्या मॉडेलचे झाले. प्लॅस्टिकची खेळण्यातली ट्रॉली. बोटाएवढ्या काड्यांची मोळी. छोटी मोटार, वजन जास्त झालं की लाल दिवा, वर पोचली की टुंई असा आवाज, आणि मोबाइलवर वजनाचा आकडा. विश्वेश्वरला त्यात गोडी लागली. तो इंटरनेटवर बघून बघून शिकला, आणि चांगलं शिकला. उज्ज्वला काड्यांच्या मोळ्या बांधायची. प्रतिष्ठानाच्या माणसांनी फोनवर नावही बदलून घेतलं. आता ते 'स्मार्ट केन लिफ्टर' झालं.

बीडला जिल्ह्याच्या फेरीत त्यांचा पहिला नंबर आला. शाळेच्या फाटकावर दोघांचे फोटो असलेला फ्लेक्स लागला. दोघांच्या डोक्यावर संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह यांचा त्याहून मोठा फोटो होता.

राज्याची फेरी पुण्यात झाली. तिथं आदल्या दिवशी प्रतिष्ठानानं सगळ्या मुलांना बोलायला शिकवण्यासाठी एक ताई ठेवली होती. ताई गोड होती. तिनं उज्ज्वलाचं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, "मशीनचं विश्वेश्वर सांगेल. तू फक्त आईचं सांग. आई पडली ते."

उज्ज्वलानं सांगितलं.

"छान. पण फार भरभर सांगतेस. 'मोळी मानेवर पडली' म्हणालीस ना, तिथं थांब. प्रेक्षकांकडं बघ. मग पुढचं वाक्य. परत एकदा."

उज्ज्वलानं परत सांगितलं. थांबायचं तिथं थांबली. ताईनं पुन्हा म्हणून घेतलं, आणि पुन्हा. संध्याकाळपर्यंत तिला ते इतकं पाठ झालं, की बोलताना तिला आई दिसेनाशी झाली. पुढं कुठं थांबायचं तेवढंच डोळ्यांपुढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सभागृहात ती बोलली. थांबली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मग काड्यांची मोळी टुंई करून वर गेली आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. त्यांना दुसरं बक्षीस मिळालं, ढाल आणि दोघांना एकेक टॅबलेट. मॅडमना व्यासपीठावर बोलावून शाल दिली. खाली उतरल्यावर मॅडमनी तिला मिठी मारली. "रडवलंस गं सगळ्यांना!"

उज्ज्वला नंतर विश्वेश्वरला म्हणाली, "मला कसंतरी व्हायलंय."

"कावून? जिंकलो की."

"म्या थांबले ना, तवा लोक रडले. आई पडली तवा कुणीच रडलं नव्हतं."

विश्वेश्वर उठून गेला. त्यानं तिला चहा आणून दिला.

त्या समारंभात बऱ्याच लोकांनी मॅडमना आपली कार्डं दिली होती. कारखान्याशी संबंध असलेला एक गृहस्थ तर "नक्की फोन करा" म्हणाला होता. मॅडमनी परतल्यावर सगळ्यांना फोन केले. काहींनी उचलले, अभिनंदन केलं, मुलांना शुभेच्छा कळवायला सांगितल्या. कारखान्याच्या गृहस्थानं सांगितलं की आता पुढं तोडणी यंत्रंच येणार आहेत, त्यामुळं मोळी उचलायच्या यंत्रात कुणी पडणार नाही.

"मंग आत्ता ज्या बाया वाहायल्यात त्यांचं काय?" उज्ज्वलानं विचारलं. मॅडमनी कार्डं पाकिटात घालून कपाटात ठेवली.

तेव्हा उज्ज्वलानंच ठरवलं. सायकल स्टँडमधून ताडपत्री ओढून काढली. साखळी गंजली होती, तिला तेल पाजलं. वीरेशअप्पांचा टेंपो माल आणायला नगरला जाणार होता, आणि यंदा टोळीचा फड त्याच वाटेवर होता. तिनं अप्पांना गळ घातली. मुख्याध्यापक दोन दिवस बीडला गेले होते, मॅडमनी शिपायाला सांगून फाटक उघडून दिलं. मॅडमना स्वतःला यायचं होतं, पण शाळेत तपासणी लागली. अप्पा, विश्वेश्वर आणि उज्ज्वला घोडा घेऊन फडावर पोचले.

दुपारची वेळ होती. ट्रॉली लागलेली होती, भरणं चाललं होतं. रतनबाई फळीवरून उतरत होती. पोरीला बघून तिचा चेहरा फुलला. टोळीतल्या बाया गोळा झाल्या. घोडा ट्रॉलीला लावून उभा केला. छबुबाई म्हणून एक वयस्कर बाई होती, तिनं पहिली मोळी दोरीत अडकवली. उज्ज्वलानं हँडल फिरवलं. मोळी वर गेली, दांडा फिरवला, मोळी ट्रॉलीत पडली.

छबुबाईनं टाळी वाजवली. "आगं बया, डोस्कं मोकळं की गं!"

थोडा वेळ मजा चालली. बाया आळीपाळीनं हँडल फिरवत होत्या, हसत होत्या. पण तेवढ्यात उज्ज्वलाच्या लक्षात येऊ लागलं. मोळी दोरीत अडकवायला वेळ लागत होता. सोडवायला वेळ लागत होता. रिकामी दोरी खाली यायला वेळ लागत होता. तेवढ्यात एक बाई फळीवरून दोनदा जाऊन आली असती. ट्रॉली एका ठिकाणाहून दुसरीकडं सरकली की घोडा उचलून न्यायला चार माणसं लागत होती. मागं दुसरा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला.

ट्रॅक्टरवाला मुकादमावर ओरडला, "काय खेळ लावलाय बे हा? कारखान्याच्या काट्यावर नंबर जाईल माझा. पुन्हा रातभर तिथं बसू का?"

मुकादम मोहनराव वाईट माणूस नव्हता. तो उज्ज्वलाजवळ आला. "पोरी, चांगलं हाय तुझं. पर गाडी थांबत न्हाई गं कुणासाठी."

"काका, दोरीला आकडा लावला तर लवकर सुटंल. दोन मोळ्या एकदम घेता येत्यात. चाकं लावली तर ढकलता येतंय. मला चार दिस द्या. हितंच ऱ्हाऊन करते."

"आन् चार दिस गाडी कोण भरंल?"

उज्ज्वला आईकडं बघायला लागली. रतनबाईनं हातातलं हँडल सोडलं. तिनं सगळ्या बायांकडं पाहिलं, मागच्या ट्रॅक्टरकडं पाहिलं. मग चुंबळ उचलली.

"काढ ते, उज्ज्वला. बाजूला घे."

"आई, थोडं ऱ्हायलंय गं."

"काढ म्हनते ना."

फळी पुन्हा लागली. बाया पुन्हा चढू लागल्या. उज्ज्वला, विश्वेश्वर आणि अप्पा घोडा ओढत बांधावर घेऊन गेले. तिथं बसून उज्ज्वला आईला वर जाताना बघत राहिली. त्या दिवशी तिला जे कळलं ते कुठल्याही परीक्षकानं सांगितलं नव्हतं. खटका पक्का होता, कप्पी पक्की होती. कमी होता तो फडावरचा वेळ. दसऱ्याला घोडा टोळीबरोबर गेला असता तर त्याच्या खोडी तेव्हाच कळल्या असत्या. आकडा, चाकं, दुहेरी दोरी, सगळं त्या हंगामात बसवून झालं असतं. ते महिने तिनं काड्यांच्या मोळ्या बांधण्यात घालवले होते.

घोडा परत शाळेत आणून ठेवला, कारण तिला त्याच्यावर काम करायचं होतं. नववीची परीक्षा झाली. उन्हाळ्यात आईबाप परत आले, घराचे पत्रे बदलायचे होते, आईचा हात सुन्न पडू लागला होता, तिला दवाखान्यात न्यायचं होतं. उज्ज्वलानं ठरवलं, शाळा उघडली की पहिलं काम घोड्याचं. आकडा कसा करायचा ते तिनं विश्वेश्वरला तोंडानं समजावून सांगितलं होतं, त्यालाही पटलं होतं.

जूनमधे शाळा उघडली, तेव्हा घोडा फाटकाच्या आत डाव्या हाताला उभा होता. खाली सिमेंटचा चौथरा केलेला होता आणि तिन्ही पाय त्यात गाडलेले होते. अंगाला सोनेरी रंग. साखळीवरही तोच रंग दिल्यामुळं ती चकतीला चिकटून गेली होती. दांड्याला पताका बांधल्या होत्या. पुढं संगमरवरी पाटी: 'नवनिर्मितीचे प्रतीक', खाली अमरसिंह यांच्या शुभहस्ते अनावरण झाल्याचं. मुलांची नावं पाटीवर नव्हती.

उज्ज्वला सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. "सर, माझा घोडा मला पायजे."

मुख्याध्यापक हसले. "अगं, बघितलंस का कसा दिसतोय? साहेब एवढे खूश झाले. येणारा-जाणारा थांबून बघतो."

"सर, त्याला चाकं लावायचीत. दसऱ्याच्या आत करायचंय. तो काढा."

"काढा म्हणजे? सिमेंट आहे ते. आणि ती आता संस्थेची वस्तू आहे. तू दुसरं बनव की. तू हुशार आहेस."

"लोखंड अप्पांचं हाय. काम आमचं हाय."

मुख्याध्यापकांचा आवाज बदलला. "हे बघ, यंदा दहावी आहे तुझी. वसतिगृहात राहायचंय ना? अभ्यास कर."

मॅडम तिच्या बाजूनं भांडल्या, हे खरं. त्यांनी संस्थेला लेखी विनंतीही केली. त्यांना बोलावून समज देण्यात आली. पुढच्याच वर्षी त्यांना उपक्रमशील शिक्षिका म्हणून पुरस्कार मिळाला आणि त्यांनी दिंद्रुडजवळच्या एका शाळेत नोकरी धरली. वीरेशअप्पांनी दुसऱ्या घोड्यासाठी लोखंड देतो म्हटलं होतं. पण दहावीचं वर्ष, मग विश्वेश्वर अकरावीला लातूरला गेला, आणि शेडमधे एकट्या पोरीनं रोज येऊन काम करावं हे बाजारपेठेत काहींच्या डोळ्यांवर येऊ लागलं. अप्पांनी तोंडानं नाही म्हटलं नाही. शेडला मात्र कुलूप दिसू लागलं.

उज्ज्वला दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. तिला तंत्रनिकेतनात जायचं होतं, अर्जही भरला. त्याच पावसाळ्यात बीडच्या डॉक्टरांनी रतनबाईला डोक्यावर ओझं घ्यायचं नाही म्हणून बजावलं. मानेतली शीर दबली होती. उजव्या हातातून भांडं गळून पडू लागलं होतं. टोळीत एकट्या माणसाला घेत नाहीत. कोयता म्हणजे जोडी लागते.  सटवा ओट्यावर नुसता बसून राहायचा. शेवटी उज्ज्वलाच म्हणाली, "एक साल येते. मंग बघू."

ते एक साल संपून आता चौथं चालू आहे. बारावी तिनं बाहेरून दिली, फडावरून येऊन. तंत्रनिकेतनाचा विषय निघत नाही. धाकटी बहीण त्याच शाळेत, त्याच वसतिगृहात शिकते, आणि ती यायला नको यासाठी उज्ज्वला जाते. टॅबलेटची काच कधीच फुटली. विश्वेश्वर पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मधे एकदा त्याचा फोन आला होता. कॉलेजच्या प्रकल्पात मोळी उचलायचं यंत्र घेऊ का, तुझं नाव टाकतो, असं विचारत होता. तिनं विचारलं, "खरं बनवणार हायस का मॉडेल?" तो म्हणाला, "आधी मॉडेल." ती "घे की" म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात शाळेचा रौप्यमहोत्सव झाला. त्याला वर्षाराणी मॅडम पाहुण्या म्हणून आल्या होत्या. कार्यक्रम संपवून त्या बसस्थानकाकडं चालल्या होत्या, तेव्हा बाजारात त्यांना उज्ज्वला दिसली. ती बियाणं घेऊन वस्तीच्या जीपची वाट बघत उभी होती. अंगानं वाळलेली, उन्हानं रापलेली. मॅडमनी तिला आधी ओळखलंच नाही. मग धावत जाऊन हात धरले.

"कशी आहेस गं?"

"बरी हाय मॅडम. तुमी?"

मॅडमनी आईची चौकशी केली, बहिणीची केली. मग म्हणाल्या, "आजपण भाषणात तुझंच सांगितलं बघ. मी जिथं जाईन तिथं तुझं उदाहरण देते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात, मुलांपुढं, सगळीकडं. लोक अगदी भारावून जातात."

"मॅडम, एक सांगू?"

"सांग ना."

"आता सांगत नका जाऊ ते."

मॅडम थबकल्या. "का गं? चांगलंच सांगते मी तुझं."

"चांगलंच सांगत असताल. पर कुठपतूर सांगता? बक्षीस मिळालं हितपतूरच ना?"

मॅडमनी खांद्यावरची पर्स सावरली.

"लोक टाळ्या वाजवत्यात. त्यांला वाटतं, बायांच्या डोस्क्यावरचं ओझं उतरलं. मग कशाला कोण काय करंल?" तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सांगायचंच आसंल तर म्या आता काय करते ते बी सांगत जा. न्हाईतर सांगू नका."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी पर्समधून रुमाल काढला. "माझं चुकलं का गं? मी तर तुझ्यासाठीच..."

"तुमचं मन वाईट नव्हतं. मला म्हाईत हाय."

एवढंच ती बोलली. चुकलं नाही, असं काही ती म्हणाली नाही. जीप आली. आत जागा नव्हती, मागं पाय ठेवायला तेवढी होती. तिनं बियाण्याची पिशवी आत एका बाईच्या मांडीवर दिली, एका हातानं वरची सळई धरली आणि जीप निघाली. मॅडम बराच वेळ तिथं उभ्या होत्या. त्यांची दिंद्रुडकडची बस समोरून गेली, त्यांनी हात केला नाही.

यंदा दसऱ्यानंतर उज्ज्वला आणि सटवा पुन्हा गेले. रतनबाई घरी असते. शाळेच्या फाटकात नवा फ्लेक्स लागला आहे, यंदाच्या तंत्रज्ञान स्पर्धेचा.